एकेरी दोरी, हिरवा गोफ

मी दोरी बोलतेय. अंगावर ओली कापडं लटकलेली दिसतात म्हणून मला वाळवणाची दोरी समजू नका. हे काम मला उतारवयात लागलं. मी मूळची गळाची दोरी, नायलॉनची, एकेरी. तुमच्याकडे कोकणात तंगूस म्हणतात, त्याच जातीची. जावाच्या दक्षिण किनाऱ्यावर, चुनखडीच्या कड्यांखाली मी तीन वर्षं खाऱ्या पाण्यात काढली आहेत. तेव्हा माझ्याशी जरा मानाने वागायचं.

माझा जन्म कारखान्यातला. वितळलेलं नायलॉन बारीक भोकातून ओढलं, गार पाण्यात बुडवलं, पुन्हा ताणलं, की झाले मी. ना पेड, ना पीळ, ना कुठे जोड. एकच अखंड अंग! याचा मला भारी तोरा होता. दुकानात माझ्या शेजारी गोफाच्या दोऱ्या असायच्या, केसांहून बारीक धागे एकत्र विणून केलेल्या. त्यांच्याकडे बघून मी नाक मुरडायचे. आठ जणांनी एकमेकांचे हात धरल्याशिवाय ज्यांना उभं राहता येत नाही, त्या कसल्या दोऱ्या, असं मला वाटायचं.

दुकान वोनोसारीच्या बाजारात होतं. मालकाने दोन फळ्या केल्या होत्या. एक तळ्यावर मासे धरणाऱ्यांची, दुसरी समुद्रावरच्यांची. समुद्रावरच्या फळीवर पांढरं, करडं, तांबूस, सगळं असायचं. हिरवं मात्र औषधालाही नाही. दक्षिणेच्या समुद्राची राणी हिरवं नेसते. तिचा रंग घेऊन कोणी पाण्याजवळ गेलं, तर आपलंच माणूस समजून ती त्याला बोलावून घेते. आमच्याकडे समुद्रावर जाताना हिरवा सदरा कोणी घालत नाही, मग हिरवी दोरी कोण घेणार?

एका बाजारच्या दिवशी पार्जियो आला. साठीचा, काटक, उन्हाने काळवंडलेला, डोक्याला जुनं बाटिकचं फडकं बांधलेलं. त्याने मला हातात घेतलं आणि वावभर, दोन पसरलेल्या हातांएवढं, उलगडून चक्क ओठांमधून फिरवलं.

"बापाक, ही खायची नाही," दुकानदार म्हणाला. आमच्याकडे बापालाही बापाक म्हणतात आणि वडीलधाऱ्या माणसालाही.

"बोटं राकट असतात, त्यांना फसवता येतं. ओठांना नाही. बारीकशी खरचटही ओठांना कळते," पार्जियो म्हणाला आणि वाकून माझं टोक दुकानाच्या दगडी उंबऱ्यावर खसाखसा घासायला लागला.

"अहो, आधी विकत घ्या, मग घासा!"

"टिकली तर घेईन."

मी टिकले. त्या उंबऱ्यावर मला धनी मिळाला, आणि खरं सांगते, असा धनी मिळायला भाग्य लागतं.

घरी नेल्यावर त्याने मला लगेच रिळावर गुंडाळलं नाही. माझ्या जातीला एक वाईट खोड असते. जशी गुंडाळाल तशी वेटोळी अंगात बसतात. पार्जियोने मला कोमट पाण्यात भिजवलं आणि अंगणातल्या दोन माडांमध्ये सकाळभर ताणून ठेवलं. त्याच माडांवर त्याची बायको लास्मिनी रंगवलेली कापडं वाळत घालायची. ती बाटिक करायची. अंगणात तिची मेणाची कढई, गडद तपकिरी रंगाचा रांजण, आणि कापडावरचं मेण काढायला उकळत्या पाण्याचं मोठं पातेलं.

"कांग, माझी जागा अडवलीत," ती म्हणाली. तुमच्याकडचं 'अहो', ते आमचं कांग.

"दुपारपर्यंत थांब. तिची वेटोळी निघू देत."

"माझी वेटोळी काढायला कधी सकाळभर दिलीत का?" लास्मिनी म्हणाली, पण कापडं गपचूप कुंपणावर टाकली.

मग सुरू झाले माझे सुखाचे दिवस. आमचा खडक होता डांडांग, म्हणजे भात वाफवायचं उंच भांडं. भरतीला त्याच्या भोकातून पाण्याची वाफ उडायची, म्हणून ते नाव. पार्जियो तिथे पोचला की आधी काठी ठेवून नुसता उभा राहायचा. सहा लाटा मोजायचा. सातवी कुठपर्यंत चढते ते बघायचा आणि तिच्याहून दोन हात वर पाय रोवायचा. खडकावरचा खेकडा गळाला लावून मला फेकायचा, तेव्हा त्याचं सगळं अंग एका लयीत वळायचं. शिसं बरोबर त्या काळ्या कपारीच्या तोंडाशी पडायचं, जिथे हेकरू मासा दबा धरून बसतो. हेकरू लागला की तो खडकात घुसतो. मी धारदार शिंपल्यांवर घासायचे, ताणली जायचे, पण तुटायचे नाही. ताणलं जाणं हाच माझा गुण. माशाने हिसका दिला तर मी थोडी लांब होते आणि तो हिसका पोटात घालते. घरी गेल्यावर पार्जियो मला गोड्या पाण्याने धुवायचा, ओठांतून फिरवायचा, खरचटलेलं टोक कापून टाकायचा आणि रीळ फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवायचा. उन्हाने मी कडक होते, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

असा हा माणूस समुद्राशी इतका समजुतीने वागायचा, पण पोटच्या लेकीशी दोन वर्षं बोलत नव्हता.

लेकीचं नाव वार्तिनी. एकुलती एक. तिने उत्तर किनाऱ्यावरचा त्रियोनो नावाचा मोटारसायकली दुरुस्त करणारा नवरा पसंत केला. पार्जियोने दोघांच्या जन्मवारांची बेरीज मांडली, ती जुळेना. "हे लग्न नको," तो म्हणाला. वार्तिनी म्हणाली, "बेरजेशी नाही, माणसाशी लग्न करतेय." बापाशिवाय निकाह लागत नाही, म्हणून तो बसला, म्हणायचं तेवढं म्हणाला आणि जेवायच्या आधी उठून आला. तेव्हापासून अबोला. त्याच पावसाळ्यात तो शेवाळावरून घसरला, उजवा खांदा दुखावला, आणि हात कानाच्या वर जाईनासा झाला. माझी फेक तोकडी पडायला लागली. मधल्या घळीत पडायची आणि लहानसहान मासे यायचे. त्याबद्दलही तो कोणाशी बोलला नाही.

मग एका रविवारी वार्तिनी आली, सात महिन्यांची गरोदर. सातव्या महिन्याचा विधी माहेरी व्हायचा, येत्या शनिवारी. बरोबर त्रियोनो होता, मोठमोठ्याने हसणारा, हातांना कायम ग्रीसचा वास. जेवायला सगळे एकत्र बसले. कसाव्याच्या पिठाचं तिवुल, आंबवलेल्या सोयाबीनचं टेंपे आणि झणझणीत मिरचीची भाजी. वार्तिनी ताटाकडे बघत आईला म्हणाली, "म्बोक, बापाकना सांग, मला डांडांगच्या हेकरूचं डोकं खावंसं वाटतंय. आंबट सारातलं. आणि मासा त्यांनी स्वतः धरलेला हवा. बाजारातला नको."

"ऐकलंत ना, कांग?" लास्मिनी म्हणाली.

"मी काय बहिरा आहे? तिला सांग, या दिवसांत हेकरू लांबच्या कपारीत असतो."

"म्बोक, त्यांना सांग, मला माहीत आहे. त्यांनीच शिकवलंय."

"अगं बाई, मी काय टपालवाली आहे का तुम्हा दोघांची?" लास्मिनीने वाढायचा चमचा आपटला.

दुपारी ती नवऱ्याला एकटं गाठून म्हणाली, "दोन वर्षांनी पोरीने तुमच्याकडे काहीतरी मागितलंय. ते डोहाळे नाहीत नुसते, कळतंय ना? शनिवार उरकला की ती परत उत्तरेला. सासू म्हणते बाळंतपण तिकडेच. रिकाम्या तोंडाने गेली तर या अंगणात नातवंड रांगायचं नाही. आणि डोहाळे राहिले तर पोराची लाळ गळत राहील, ती वेगळीच."

"लाळ सगळ्यांचीच गळते."

"वार्तिनीची नव्हती गळत. माझे डोहाळे तुम्ही पुरवले होते."

तुम्ही म्हणाल, जावई तरणाबांड आहे, त्याला पाठवा की खडकावर! पण बायकोला दिवस गेले की नवऱ्याने कुठलाही जीव मारायचा नाही, बाळाला लागतं, असं आमच्याकडे सगळेच मानतात. त्रियोनो तर डाससुद्धा फुंकून उडवत होता. गळ टाकायचा तो पार्जियोनेच, त्याच दुखऱ्या खांद्याने.

सोमवार, मंगळवार, बुधवार, तिन्ही दिवस तो मला घेऊन गेला. तिन्ही दिवस शिसं कपारीच्या दहा वाव अलीकडे पडलं. यात माझाही दोष होता. मी जाड. वारा मला धरून ठेवतो. तरणा खांदा असेल तर मला लांब नेतो, पण म्हाताऱ्या खांद्याला माझं ओझं होतं. परत येताना तो वाटेत दोनदा बसला. मला लाज वाटली.

बुधवारी दुपारी त्रियोनोने पिशवीतून एक रीळ काढलं. "बापाक, ही लावून बघा. गोफाची आहे. शिवणाच्या दोऱ्याएवढी बारीक, पण ताकद दुप्पट. थोड्या जोरात लांब जाते."

पार्जियोने पाहिलं आणि दोन पावलं मागे सरला. गोफ हिरवागार होता. कोवळ्या भातासारखा.

"हे माझ्या खडकावर न्यायचं नाही."

"आमच्याकडे सगळे हाच वापरतात..."

"तुमच्याकडे काय आहे? चिखल! चिखलात राणी राहत नाही."

त्रियोनोचं हसू मावळलं. वार्तिनी उठून आत गेली. मी मनातून खूश झाले, खोटं कशाला बोलू? पण लास्मिनीने ते रीळ उचललं, उलटसुलट केलं आणि म्हणाली, "रंगच नडतोय ना? रंगाचं माझ्यावर सोडा."

तिने सगळा गोफ रिळावरून उतरवून तपकिरी रंगाच्या रांजणात बुडवला. चाळीस वर्षं कापडं रंगवलेली बाई ती! पण गोफाला रंग चढेना. बाहेर काढला तर पाण्यासारखा सगळा रंग ओघळून गेला आणि हिरवा आपला तसाच. तिने पुन्हा बुडवला. पुन्हा तेच. "मेला तुमच्याहून हट्टी दिसतोय," ती नवऱ्याला म्हणाली. मग वैतागून तिने त्याला सरळ मेण काढायच्या उकळत्या पातेल्यात टाकला आणि वरून काठीने दाबला.

मी ओसरीवरून बघत होते. गोफ गयावया करत होता, पण माझ्याशिवाय कोणाला ऐकू येणार? घटकाभराने पातेल्यातलं पाणी हिरवं झालं आणि गोफ बाहेर आला तो फिकट, उकडलेल्या शेवयांसारखा, थोडासा आकसलेला, पाण्यावर तरंगणारं मेण अंगाला चोपडलेला. मधेमधे हिरव्याची पुसट छटा राहिली होतीच.

पार्जियोने ती नखाने खरवडली. "आत हिरवाच आहे हा."

"आतलं राणी कशाला बघते?" लास्मिनी म्हणाली. "तुमच्या आत काय आहे, ते तरी ती रोज बघते का? खडकावर उभं राहू देतेच ना?"

पार्जियोने गोफ पुन्हा रिळावर चढवला आणि विचारलं, "उद्या भरती कधी आहे?"

गुरुवारी मी घरी राहिले. पहिल्यांदाच! खुंटीवरच्या जुन्या रिळात पडून मी दिवसभर वाट पाहिली. दुपारी तो परतला तेव्हा हातात मासा नव्हता, आणि उजव्या हाताच्या बोटाला चिंधी बांधलेली होती. रक्त आलेलं दिसत होतं.

"गेला लांब," तो ओसरीवर टेकत म्हणाला. "कंबरेजवळून नुसता झुलवला, तरी कपारीपर्यंत गेला. आणि मासा हुंगतोय ते बोटाला कळत होतं. हुंगतोय ते! तीस वर्षांत असं कधी कळलं नव्हतं." त्याचे डोळे चमकले आणि लगेच विझले. "लागला. मोठा होता. खडकात घुसला आणि गोफ एकदा शिंपल्याला टेकला मात्र, टचकन गेला. चाकूने कापल्यासारखा."

झालं, जुंपली दोघांची. "म्हणून मी एकेरी वापरतो," सासरा म्हणाला. "पण एकेरी पोचतेय कुठे?" जावई म्हणाला. "पोचून तुटली तर काय उपयोग?" "न पोचता टिकली तर काय उपयोग?" खुंटीवर मी आणि ओसरीवर गोफ, आम्हीही तेच भांडण आपापल्या भाषेत भांडत होतो.

तेवढ्यात माझी नजर दाराकडे गेली. वार्तिनी उभी होती. सारासाठी चिंचेचा कोळ काढलेली वाटी तिच्या हातात होती. सकाळीच काढून ठेवला असावा. तिने रिकाम्या टोपलीकडे पाहिलं, बापाच्या बोटाच्या चिंधीकडे पाहिलं आणि वाटी हळूच मागे घेतली. माझं भांडण तिथेच संपलं. मला कळलं, मी जिंकले तरी ही पोर उपाशी जाणार.

पार्जियोनेही ते पाहिलं असावं. तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "खडक शेवटचे पाचच वाव खातो. अलीकडे तर नुसतं पाणीच आहे." त्याने मला खुंटीवरून काढलं आणि रिळाच्या पोटातले, ज्यांनी कधी ऊन पाहिलं नव्हतं असे पाच वाव मोजून कापले. "गळाशी ही. मागे तुझा गोफ."

काय सांगू, मला त्याचं केवढं कौतुक वाटलं! साठीनंतर आपली चूक इतक्या सहज बाजूला ठेवणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. पण जोडायचं कसं? पार्जियोने आपली नेहमीची गाठ मारली. मेणचट गोफ त्यातून सुळकन निसटला. त्रियोनोने त्याची गाठ मारली, तर गोफ माझ्या अंगात रुतला आणि ओढताच मी तुटले. पुन्हा गाठ, पुन्हा तेच. ऊन उतरायला आलं.

"मी करते," वार्तिनी म्हणाली.

लास्मिनी धावत पुढे आली. "अजिबात नाही! पोटुशी बाईने गाठ मारायची नाही. बाळाला नाळेची गाठ बसते. एवढं कळत नाही?"

"गाठ कुठे मारतेय, म्बोक? वेणी घालतेय." ती खाली बसली, पाय लांब करून, पोट सावरत. "गाठ निसटते, कारण गोफ निसरडा आहे. वेणी निसटत नाही. लहानपणी नारळाच्या पातीची नळी विणायचो ना, बोटात घातली आणि ओढली की आवळायची, तशी."

ती नळी तिला पार्जियोनेच शिकवली होती. त्याने मान खाली घातली.

वेणीसाठी मला ताठ धरायला हवं होतं. माझं एक टोक पार्जियोने धरलं, दुसरं त्रियोनोने. सासरा-जावई समोरासमोर बसले, मध्ये मी ताणलेली, आणि वार्तिनी गोफाची दोन टोकं माझ्या अंगावरून आडवी-उभी फिरवायला लागली. एकदा वरून, एकदा खालून. थोडं विणलं की बोटाने दाबायची. पार्जियोचा दुखरा हात खाली आला आणि मी सैल पडले.

"बापाक, ओढून धरा," वार्तिनी म्हणाली.

सगळे थबकले. दोन वर्षांत ती त्याच्याशी पहिल्यांदा थेट बोलली होती. तिला स्वतःलाच ते उशिरा कळलं.

"धरलंय, न्दुक," पार्जियो म्हणाला. न्दुक म्हणजे पोरी, लहानपणी तो तिला हीच हाक मारायचा. "तू विण."

लास्मिनी मेणाच्या कढईत काहीतरी शोधायला लागली. त्या कढईत काहीच नव्हतं. मला मात्र त्या क्षणी गोफाची पकड गळ्याभोवती जाणवली. घट्ट होती, पण रुतत नव्हती. वीस वेढे झाले. शेवटी टोक अडकवायला दोन खऱ्या गाठी लागणार होत्या. वार्तिनीने हात काढून घेतले. "या तुम्ही मारा, बापाक. मला चालत नाहीत."

शुक्रवारी सकाळच्या भरतीला आम्ही डांडांगवर होतो. दुपारच्या नमाजाला परतायचं होतं, आणि दुसऱ्या दिवशी विधी होता. म्हणजे एवढी एकच भरती हातात होती. त्रियोनो टोपली घेऊन आला होता. पार्जियोने सहा लाटा मोजल्या, सातवी पाहिली, आणि कंबरेजवळून काठी झुलवली. गोफ सळसळत निघाला आणि आम्हा पाच वावांना घेऊन थेट कपारीच्या तोंडाशी उतरला. इतक्या लांब मी दोन वर्षांत गेले नव्हते. खरं सांगायचं तर मला मजा वाटली.

दोनदा खेकडा लहान माशांनीच कुरतडला. तिसऱ्यांदा बराच वेळ काहीच नाही. मग तो आला. मला काही कळायच्या आत गोफाने वर कळवलं होतं. पार्जियोने झटका दिला, आणि हेकरू जो उलटा फिरला तो सरळ खडकाखाली!

आता माझी पाळी होती. शिंपल्यांच्या धारेवर मी घासत होते. कातडी निघत होती. इतकं मला कधी लागलं नव्हतं. मागून गोफ ओरडत होता, "सोडू नकोस, म्हातारे, सोडू नकोस!" मी ताणली गेले, आणखी ताणली गेले, आणि जिथे तो शेवयांचा पोरगा केव्हाच तुटला असता तिथे मी धरून राहिले.

वर पार्जियोचा खांदा हरत होता. "ले!" तो ओरडला. ही 'पोरा' अशी हाक. जावयाला त्याने आजवर नावानेही हाक मारली नव्हती. "काठीला हात लावायचा नाही, तुला चालत नाही. मला धर! कंबरेला धर!"

त्रियोनोने टोपली फेकली, सासऱ्याच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि डोळे गच्च मिटून घेतले. सातवी लाट गुडघ्यांपर्यंत चढली. दोघे हलले नाहीत. ती लाट परत फिरली तशी हेकरूला बाहेर ओढून घेऊन आली, आणि पार्जियोने पुढच्या लाटेवर त्याला खडकावर सरकवलं. तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचा, हातभर लांब!

"झालं का?" त्रियोनोने डोळे मिटूनच विचारलं.

"झालं. डोळे मात्र इतक्यात उघडू नकोस, तो अजून तडफडतोय."

त्या दुपारी वार्तिनीने डोक्याचं सार तीनदा वाढून घेतलं. हाडंसुद्धा चोखली. मग माशाच्या गालाचा मऊ तुकडा काढून तिने बापाच्या ताटात ठेवला. "बापाक, चिंच जास्त झालीय का?"

"थोडी," पार्जियो म्हणाला. "बाळंतपणाला येशील तेव्हा कमी घाल."

"बरं," ती म्हणाली. टपालवालीने डोळे पुसले आणि म्हणाली, "मिरची फार झाली, दुसरं काही नाही."

संध्याकाळी पार्जियोने माझे ते पाच वाव ओठांतून फिरवले. बोटाबोटाला खरचटलेले होते. त्याने ते कापून काढले, पण किनाऱ्यावर फेकले नाहीत, घरातच ठेवले. माणसांना माझं एकच सांगणं आहे. एकेरी चांगली की गोफ, हे आम्हाला विचारू नका. आधी खडक बघा, वाळू बघा, आपला खांदा बघा, मग ठरवा. पण काहीही वापरलंत तरी तुटलेले तुकडे किनाऱ्यावर सोडून जाऊ नका. आम्हाला कुजता येत नाही. कासवाच्या मानेत आणि बगळ्याच्या पायात अडकून बसण्यासाठी आम्ही जन्मलो नाही.

रिळावर आता मेणचट गोफ असतो आणि गळाशी माझ्या एखाद्या धाकट्या बहिणीचे पाच वाव. माझं उरलेलं सगळं अंग खुंटीवरच होतं. वार्तिनी बाळंतपणाला आली, त्या महिन्यात पार्जियो रोज ओसरीवर मला घेऊन बसायचा. त्याने माझे सारखे तुकडे केले, तीन पेड घातले, आणि दुखऱ्या खांद्याला झेपेल तसं हळूहळू मला विणलं. हो, माझा गोफ केला! जिने जन्मभर गोफाला नाक मुरडलं, तिचाच. आता मी त्या दोन माडांमध्ये बांधलेली असते, आणि सांगायला लाज कसली, पेडाला पेड टेकवून उभं राहायला फार बरं वाटतं.

मुलगी झाली. गोड आहे. आणि तिची लाळ गळते! अशी गळते की दिवसाला सात लाळेरी लागतात.

"गोफ आतून हिरवा होता, म्हणून," पार्जियो म्हणतो.

"मासा तुमच्या एकेरीने धरून ठेवला होता, बापाक," त्रियोनो म्हणतो.

"चिंच जास्त झाली होती," लास्मिनी म्हणते. वार्तिनी लाळेरी धुते आणि माझ्यावर टाकते.

त्यांतलं एक लाळेरं उत्तरेच्या आजीने पाठवलेलं आहे, गर्द हिरवं. वार्तिनी ते कुठेही टाकते. मग ती आत गेली की पार्जियो उठतो, इकडेतिकडे बघतो, आणि ते लाळेरं माझ्यावरून सरकवत सरकवत समुद्रापासून लांबच्या, उत्तरेकडच्या टोकाला नेतो. तिथे त्याला दोन चिमटे लावतो. बाकीच्यांना तो एकच लावतो.